शेपटीवरचा चौकोन

संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर दोन माणसांचं कधी पटत नसे. एक मासेवाला आणि दुसरी बेडूकवाली. मासेवाला इवल्याशा माशांच्या काळजावर काम करायचा, बेडूकवाली बेडकाच्या पिल्लांच्या जखमांवर. दोघांच्या नशिबी मायक्रोस्कोप मात्र एकच आला होता, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची भांडणं वेळापत्रकावरून व्हायची, भिंगं जागेवर न ठेवण्यावरून व्हायची, आणि काहीच नसलं तर खुर्चीची उंची कोणी बदलली यावरून व्हायची.

बेडूकवालीला घरी ठमी म्हणत. डॉक्टरेट झाली, केसांत चार पांढरे आले, तरी बापाच्या तोंडी ठमी ती ठमीच. आपणही तेच म्हणू, कारण ही गोष्ट निम्मी त्या घरातली आहे.

ठमीचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. बेडकाच्या पिल्लाची शेपटी काचेसारखी आरपार दिसते. पाण्यात गुंगीचं औषध घालायचं, पिल्लू निपचित झालं की शेपटीच्या पातळ पडद्याला सुईच्या टोकाने एवढीशी चीर द्यायची, मग त्याला मऊ जेलीत आडवं निजवायचं आणि बशी मायक्रोस्कोपखाली ठेवायची. पिल्लांची जातच अशी तयार केलेली होती की लेसरचा उजेड पडला की रक्तवाहिन्या हिरव्या चमकायच्या आणि जखम साफ करणाऱ्या पेशी लाल. या लाल पेशींना प्रयोगशाळेत सगळे झाडूवाल्या म्हणायचे. चीर पडली की त्या कुठून कुठून सरपटत यायच्या, मेलेलं-तुटलेलं गिळून टाकायच्या, आणि जागा साफ झाली की हिरव्या वाहिन्यांना नवे कोंब फुटायचे. मशीन मिनिटामिनिटाला फोटो काढायचं. ते फोटो एकामागून एक पळवले की एक अख्खी जखम भरून येताना पडद्यावर दिसायची.

ठमीने हे कितीदा तरी बघितलं होतं. तरी एक कोंब वाकून शेजारच्या कोंबाला भेटला आणि त्यातून रक्त पुढे सरकलं, की ती अजून स्वतःशीच म्हणायची, "भेटल्या गं बाई!" मासेवाला यावरून तिची यथेच्छ टर उडवायचा.

आता तर तिच्या हाती घबाड लागलं होतं. झाडूवाल्या एकदा काम आटोपून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होत्या, पहिल्यापेक्षा जास्त संख्येने. त्या आल्या की हिरवे कोंब गोंधळायचे, वाढायचे थांबायचे, आणि जखम रेंगाळायची. अशी दुसरी लाट तिच्या माहितीत कोणी बघितली नव्हती. दोन वर्षं ती या लाटेच्या मागे होती. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, महिनाअखेरच्या परिषदेत तिचं भाषणही ठेवलं होतं. लाट नीट दिसावी म्हणून तिने लेसरचा उजेड वाढवला होता आणि रोज जास्त जास्त वेळ फोटो घ्यायला लागली होती. जितकं जास्त बघू तितकं जास्त कळेल, यात चुकीचं ते काय?

हाच न्याय तिने घरीही लावला होता.

ठमीची आई गेल्या वर्षी गेली. बाबा दुसऱ्या शहरात, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, जिथे संसार झाला त्याच भाड्याच्या घरात एकटे राहत होते. बाबा बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "जन्मभर बसून काढला, आता चालणार." आणि खरंच, त्यानंतर ते आणि आई रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेने निघायचे ते अंधार पडेपर्यंत चालायचे. आई मागे पडायची आणि ओरडायची, "अहो, पुढचा थांबा कधी यायचा?" बाबा मान न वळवता म्हणायचे, "ही जलद गाडी आहे, बाई. अध्येमध्ये थांबत नाही." आणि थांबायचे.

आई गेल्यावर ठमीने स्वयंपाकघरातल्या कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवला. फोन उघडला की तिला इथून तिथलं दिसायचं: टेबल, ओटा, फ्रिजचं अर्धं दार.

"चोर काय न्यायला येणार आहेत माझ्याकडे?" बाबांनी विचारलं होतं.

"चोरासाठी नाही, बाबा. माझ्या जिवाला बरं वाटेल."

बाबांनी कॅमेरा राहू दिला. सुरुवातीला ते त्या कॅमेऱ्यात फारसे सापडायचेही नाहीत. यायचे, चहा करायचे, जायचे.

आणि मग ते कडीचं प्रकरण झालं. एक दिवस सकाळपासून स्वयंपाकघर रिकामं. फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. दुपार झाली तशी ठमीच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने समोरच्या काकूंना फोन केला. काकूंनी दार बडवलं, मग चावीवाल्याला बोलावलं, चावीवाल्याला दार ओढलं की आपोआप लागणारं ते जुनं कुलूप काही केल्या जमेना, तेव्हा त्याने सरळ कडीच उखडली. ती कडी हातात धरून काकू, चावीवाला आणि वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे घरात शिरत होते, तेवढ्यात बाबा जिना चढून वर आले. काखेत पाव, बुटांना कालव्याचा चिखल. फोन घरातच, उशीखाली. दारातली गर्दी बघून त्यांनीच हळू आवाजात विचारलं म्हणे, "काय हो, कोण गेलं?"

काकूंनी ती गोष्ट पुढे अख्ख्या इमारतीला हसून हसून सांगितली. ठमीला हसू आलं नव्हतं. ती फोनवर बाबांवर ओरडली होती, आणि ओरडता ओरडता तिला रडू कोसळलं होतं. बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "बरं, ठमे. पुन्हा नाही व्हायचं असं."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"बघ गं, आत्ता दिसतोय का मी?"

"दिसताय."

"आणि आता?"

"अर्धे दिसताय. थोडं मागे या. हां."

"आणि फ्रिजच्या पलीकडे?"

"तिथे नाही. बाबा, काय पोरखेळ चाललाय?"

"पोरखेळ कसला? गाडी ताब्यात घेताना आरसे बघून घ्यायचे असतात. कुठून काय दिसतं, काय दिसत नाही."

ठमीला बरं वाटलं. म्हातारा निदान चेष्टा करत होता.

त्यानंतर बाबा रोज दिसायला लागले. सकाळी टेबलापाशी, दुपारी टेबलापाशी, आणि संध्याकाळी, कालव्याच्या वेळेलाही, टेबलापाशी. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ असायची ती त्यांची वेताची खुर्ची आता स्वयंपाकघरात आली होती. आई जिथे वावरायची तिथेच त्यांना बसावंसं वाटतंय, असं ठमीने ताडलं. चालणारा माणूस असा बसून राहिला, म्हणजे त्याने जगण्यातूनच अंग काढून घेतलं. ती आणखी वारंवार बघायला लागली. पिल्लं बशीत ठेवताना, जेवताना, सरांच्या बैठकीत टेबलाखाली. दर वेळी बाबा बसलेले. कधी मधेच उठून मांडणीतली भांडी लावायचे, तेव्हा तिला वाटायचं, चला, आज जरा बरे दिसतायत.

शेवटी तिने ठरवलं, बाबांना आपल्याकडेच आणायचं. पुस्तकांची खोली रिकामी केली, पलंग आणला, त्याच्या उशाशी दिवा बसवला. त्यांचं घर महिनाअखेर सोडतोय असं घरमालकाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

"बाबा, तुम्हाला तिथे फार एकटं वाटतं. मला दिसतं ना इथून."

"तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले.

ठमी घाबरली ती या उत्तराला. या माणसाने उभ्या जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. चहात साखर किती, यावरून त्यांनी आईशी लग्नापासून शेवटच्या दिवसापर्यंत वाद घातला होता. आई दोन चमच्यांच्या वर जायची नाही आणि बाबा दोन चमच्यांना चहा म्हणायचे नाहीत. असा माणूस घर सोडायच्या बाबतीत 'तू म्हणशील तसं' म्हणतो, म्हणजे तो आतून पार मोडला. ठमीने असा निष्कर्ष काढून टाकला. निष्कर्ष काढण्याची तिला सवयच होती.

त्या सकाळी मासेवाल्याने नेहमीप्रमाणे आपलं भिंग मायक्रोस्कोपलाच ठेवून दिलं होतं. ठमीचं भिंग जवळून दाखवणारं. त्यात जखम आणि आजूबाजूचा जेमतेम एक तुकडा मावायचा. मासेवाल्याचं लांबून दाखवणारं. त्यात अख्खी शेपटी. ठमीने आदल्या दिवशीचं पिल्लू ठेवलं, भिंगाकडे न बघताच बटण दाबलं, पडद्याकडे नजर टाकली आणि मासेवाल्याला शिव्या घालायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

पडद्यावर पूर्ण शेपटी होती. हिरव्या वाहिन्यांची जाळी, एका कडेला ती बारीक चीर, आणि चिरेपाशी लाल झाडूवाल्यांची गर्दी. पण गर्दी चिरेभोवती गोळा झाली नव्हती. गर्दी चौकोनी होती. चार सरळ कडा, चार नीट कोपरे. आत लालच लाल, कडेच्या बाहेर एखाददुसरी.

जिवंत शेपटीत चौकोन कुठून येणार? चौकोन फक्त एकाच ठिकाणी होता, तिच्या मशीनच्या नजरेत. रोज मिनिटामिनिटाला लेसर जेवढ्या तुकड्यावरून फिरायचा, बरोबर तेवढाच हा तुकडा होता. झाडूवाल्या दुसऱ्यांदा येत होत्या त्या सुईच्या जखमेसाठी नव्हे. उजेडाने पोळलेल्या जागेसाठी येत होत्या. ती बघत होती म्हणून येत होत्या. जखम रेंगाळत होती तीही त्यामुळेच, आणि रेंगाळते म्हणून ती आणखी बघत होती.

तुलनेसाठी न कापलेल्या पिल्लांचेही फोटो तिने काढले होते, नाही असं नाही. पण मशीनचा वेळ वाचवायचा म्हणून ते तासातासाने काढले होते. त्यांना उजेड लागलाच कुठे होता? असली चूक करायला चांगलं शिकलेलं माणूस लागतं.

तेवढ्यात मासेवाला आत आला. "माझं भिंग राहिलं का गं? आत्ता काढतो, आत्ता..." तिचं तोंड बघून तो थांबला. मग पडदा बघून शेजारच्या स्टुलावर बसला. बराच वेळ दोघंही भांडली नाहीत.

"नसेलही तसं काही," तो शेवटी म्हणाला.

"चौकोन आहे."

"हो," तो म्हणाला. "चौकोन तर आहेच."

मग तिने तपासून बघितलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. निम्म्या पिल्लांवर नेहमीसारखा पहारा ठेवला. उरलेल्या निम्म्यांना तशीच चीर दिली, जागं केलं आणि स्वच्छ पाण्यात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवून दिलं. न बघता. या दुसऱ्या पिल्लांनी तिचा जीव खाल्ला. दर थोड्या वेळाने ती कपाटापाशी जायची, दाराला हात लावायची आणि परत यायची. मेली असली तर? शेवटी मासेवाल्याने कपाटाची किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. "जा, कॉफी पी," तो म्हणाला. "तुझ्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही."

कपाट उघडलं तेव्हा पिल्लं पाण्यात सुळसुळत होती. एकेकाला तिने एकदाच, मंद उजेडात बघितलं. चिरा भरल्या होत्या. वाहिन्या एकमेकींना भेटल्या होत्या, त्यांतून रक्त धावत होतं, आणि झाडूवाल्या आपापल्या घरी गेल्या होत्या. दुसरी लाट नव्हती. ती कधीच नव्हती.

मग तिने सरांना जाऊन सगळं सांगितलं. सरांनी दोन्हीकडचे फोटो बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले.

"दोन वर्षं गेली, सर."

"गेली," सर म्हणाले. खोटा दिलासा द्यायची त्यांना सवय नव्हती. "परिषदेत काय सांगणार?"

"हेच. माझ्यासारखे आणखी कितीजण असं बघत बसले असतील."

"सांग. आधी हसतील," सर म्हणाले, आणि ते स्वतःच थोडं हसले. "मग आपापल्या घरी जाऊन गुपचूप भिंग बदलून बघतील."

त्या दुपारी ठमी जिन्याच्या पायरीवर डबा घेऊन बसली आणि सवयीने तिने फोन उघडला. बाबा होते. वेताच्या खुर्चीत, चित्राच्या बरोबर मधोमध.

थोड्या वेळाने ते उठले. फ्रिजच्या दिशेने चालत गेले आणि अर्धं दार दिसतं तिथे पोचताच थबकले, वळले. ओट्याच्या टोकापर्यंत गेले, थबकले, वळले. पुन्हा फ्रिज. हात मागे बांधलेले, मान ताठ, कालव्यावर चालायचे तशी ढांग. बाबा चालत होते. तेवढ्याच तुकड्यात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत होते, आणि कड आली की पुढे भिंत असल्यासारखे मागे फिरत होते.

भिंत नव्हती तिथे. ठमीला ते घर पाठ होतं. त्या कडेच्या पुढे बाहेरची खोली होती, खिडकी होती, दार होतं, जिना होता.

'बघ गं, आत्ता दिसतोय का मी? आणि आता?'

घास तिच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती निघाली. कळवलं नाही. फोन बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली घातला आणि अर्धा दिवस तिथेच राहू दिला.

बाबांनी दार उघडलं. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण पुढच्याच क्षणी त्यांनी मान वळवून मागे स्वयंपाकघराकडे बघितलं.

"अगं, तू? मी आत्ताच उठलो हं तिथून," ते घाईघाईने म्हणाले. "बेल वाजली म्हणून. काळजी करत होतीस का?"

ठमी आत गेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिने खाली बघितलं. फरशीवर निळ्या चिकटपट्ट्या होत्या. उघड्या वायरला गुंडाळतात तसली पट्टी, बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली. एक फ्रिजपाशी, एक ओट्याच्या टोकाला, एक भिंतीलगत, एक इथे, तिच्या पायाशी. खुर्चीच्या चारही पायांना वेगळ्या छोट्या खुणा. पट्ट्यांची आतली बाजू पायांनी घासून करडी झाली होती. बाहेरची बाजू अजून नवी कोरी होती.

ठमी खाली बसली आणि तिने एका पट्टीवरून बोट फिरवलं.

"हे काय आहे, बाबा?"

"ते होय? हद्द आखलीये. याच्या आत असलो की तुला दिसतो." बाबांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "एक वीतसुद्धा चुकलेली नाही. तूच तर सांगत होतीस फोनवर."

"आणि बाहेर गेलात तर?"

"बाहेर गेलो की तुझा जीव टांगणीला. मग काकू, मग चावीवाला, मग नवी कडी. त्यापेक्षा बसलेलं बरं."

"कालव्यावर जात नाही तुम्ही?"

"तेव्हापासून नाही."

"पण मी कधी म्हटलं होतं असं? जाऊ नका म्हणून?"

"तू रडलीस ना," बाबा म्हणाले. "आणखी काय म्हणायला हवं होतं?"

ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलं, तुम्ही खचलात. नुसते बसून असता. म्हणून तर मी म्हटलं, हे घर सोडा आणि माझ्याकडे चला."

"आणि मला वाटलं, तुलाच एकटं वाटतंय," बाबा म्हणाले. "पोर तिथे एकटी, दिवसातून दहा वेळा बापाकडे बघते. म्हटलं, तिला सोबत हवीये, पण तोंडाने म्हणत नाही. जाऊ या. घराचं काय."

मग ठमीला हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच फिरून रडू झालं, आणि बाबा गुडघे धरत धरत तिच्याजवळ फरशीवर बसले, पट्टीच्या आत. तिथे बसून तिने त्यांना सगळं सांगितलं. चीर, झाडूवाल्या, दुसरी लाट, मासेवाल्याचं भिंग, शेपटीवरचा चौकोन. बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे ते बिचारं आपलं आपण बरं होत होतं," ते म्हणाले, "आणि तू बघून बघून त्याला होऊ देत नव्हतीस."

"हो."

"मग साहेब रागावले का?"

"नाही. हसले थोडे."

"चांगला माणूस दिसतो."

ठमीने डोळे पुसले. "बाबा, खरं सांगा. कसं चाललंय तुमचं?"

बाबांनी तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी त्यांची नजर कपाटावर गेली. कॅमेऱ्याच्या बारीक हिरव्या दिव्यावर. समोर ती स्वतः बसली होती, तरी गेली. ठमी उठली, स्टूल ओढलं, वर चढली आणि कॅमेऱ्याची वायर भिंतीतून उपटली. दिवा विझला.

तेव्हा कुठे बाबा बोलले.

"तुझ्या आईची आठवण काढायची चोरी झाली होती, बघ. डोळ्यांत पाणी आलं की वाटायचं, ठमी तिकडे कामात असेल, हे बघेल आणि सगळं टाकून पळत येईल. मग मी उठायचो आणि भांडी लावत बसायचो. लावलेलीच भांडी. तुझ्याकडे पाठ करून."

ठमी स्टुलावर उभीच होती. चला, आज जरा बरे दिसतायत. ती भांडी तिने रोज बघितली होती.

"घरमालकाला काही कळवू नका," ती म्हणाली. "पलंग घेतलाय, तो राहील. तुम्हाला वाटेल तेव्हा या, वाटेल तेव्हा जा. आणि आता चालून या."

"आत्ता? तू एवढ्या लांबून आलीस आणि मी..."

"मी बसते ना इथे. तुमच्या खुर्चीत."

बाबांनी कोपऱ्यातून बूट बाहेर काढले. त्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "फोन घेऊन जातो, काय?"

हो, हे उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "राहू दे घरीच."

उंबऱ्यातल्या पट्टीपाशी बाबा एकदा थांबले. मग ओलांडून गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, खालचं दार वाजलं, आणि मग काही नाही.

ठमी खुर्चीत बसली. बाहेरच्या खोलीतल्या खिडकीतून कालव्याचा रस्ता दूरपर्यंत दिसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती उठली नाही. भिंतीवरचा उजेड वर वर सरकत गेला. मग तिने हातांना काम म्हणून फरशीवरच्या पट्ट्या नखाने सोडवायला घेतल्या. चांगल्याच चिकटल्या होत्या. बाबांचं काम कधी कच्चं नसायचं.

काकू दारातून डोकावल्या. "अगंबाई, तू कधी आलीस? आणि तुझे बाबा कुठे गेले?"

"माहीत नाही," ठमी म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "चावीवाल्याला सांगू का?"

"नको, काकू. येतील."

काकू गेल्या. अंधारायला लागलं. पूर्वी ते एवढ्यात परत यायचे, पण पूर्वी आई सोबत असायची, तिचे गुडघे दुखायचे. ठमीने दिवा लावला. बाबांचा फोन टेबलावर पडला होता, तिचा बॅगेत होता. कालव्याला कठडा आहे की नाही, हे तिला आठवेना. प्रयोगशाळेतल्या कपाटापाशी जायची तशी ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. पट्ट्यांचा निळा चिकट गोळा तिच्या मुठीत होता.

खालचं दार वाजलं. पावलं हळूहळू वर आली.

बाबा दारात उभे राहिले, धापा टाकत, बुटांना ओला चिखल. "जलद गाडीची पार पॅसेंजर झाली गं," ते म्हणाले. "प्रत्येक थांबा घेतला."

दिव्याच्या उजेडात ठमीने त्यांना बघितलं. डोळे सुजून लाल झाले होते. नाकाचा शेंडा लाल. हातातला रुमाल पिळून काढावा इतका भिजलेला. एवढं रडले होते, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली उतरल्यासारखे दिसत होते. काय झालं, कुठे बसला होतात, ठीक आहात ना, सगळे प्रश्न एकदम तिच्या घशाशी आले.

तिने पाठ फिरवली आणि ओट्यावर चहाचं आधण ठेवलं.

मागे खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज झाला. आवाज उंबऱ्यावर अडखळला, पुढे गेला, बाहेरच्या खोलीत खिडकीपर्यंत पोचला आणि थांबला. वेत करकरलं. मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. पाणी उकळलं, चहा झाला, तरी ठमी वळली नाही.

"ठमे, साखर नीट घाल हं," तिकडून आवाज आला. "तुझ्या आईसारखी नको."

ते तिला दिसत नव्हते. ठमीने दोन चमचे घातले, जरा थांबली, आणि तिसरा घातला.